तो तुटका ब्रेक-शू दुकानदाराला परत देऊ नकोस

या वेळचं पत्र खानापूर तालुक्यातून आलंय. थोडं कापून देते.

“ताई, नमस्कार. माझा स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो आहे, कर्ज काढून घेतलेला. बेळगावच्या बाजारात भाजी भरायची आणि चोर्ल्यावरून गोव्याला टाकायची, आठवड्याला चार-पाच फेऱ्या होतात. गाडी मीच चालवतो. गेल्या महिन्यात मागचे ब्रेक लायनर संपले. बेळगावात कंपनीच्या सेटला चौदाशे सांगितले. दुसऱ्या कामासाठी सीमेपलीकडे गेलो होतो, तिथल्या स्पेअरच्या दुकानात तोच बॉक्स, तेच नाव, साडेसातशेला मिळाला. ‘ओरिजिनलच हाय, बिल नको असलं तर एवढ्यात देतो’ म्हणाला. मी बिल घेतलं नाही. पैसे फोनवरून टाकले. गावातल्या मिस्त्रीनं सेट बसवला. बावीस दिवसांनी चोर्ला घाटात केरीच्या बाजूला उतरताना पेडल खाली गेलं आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली. गियरवर धरून डोंगराकडच्या गटारात घातली म्हणून वाचलो. मेव्हणा शेजारी बसला होता, त्याचं मनगट मोडलं. ड्रम उघडला तर उजव्या चाकातलं लायनर शूपासून सुटून आलेलं. दुकानदार म्हणतो मिस्त्रीनं नीट बसवलं नाही, मिस्त्री म्हणतो माल डुप्लिकेट. आता दुकानदार म्हणतोय, तुटका शू घेऊन ये, नवा सेट फुकट देतो. तो वडिलांच्या ओळखीचा आहे. घरचे म्हणतात जीव वाचला, विषय संपव; माल महाराष्ट्रातला, अपघात गोव्यात, आपण कर्नाटकात, कोण कुठं दाद मागणार? उजव्या चाकाला दुसरे शू टाकून गाडी परत चालू केली आहे. काय करू? आणि जाता जाता एक, बायकोला रस्त्याकडेचं अडीचशेचं आयएसआय हेल्मेट घेतलं तर चालतं का? — तुमच्या धाकट्या भावासारखा.”

धाकट्या भावा, आधी एक काम कर, मग पुढचं वाच. डाव्या चाकाचा ड्रम उघड. शू म्हणजे ड्रमच्या आतली लोखंडी कमान, लायनर तिच्यावर चिकटवलेलं असतं; एका सेटमध्ये असे चार शू असतात, एका चाकाला दोन. उजवीकडचे दोन तू बदललेस. डावीकडचे दोन त्याच साडेसातशेच्या बॉक्समधले आहेत आणि तुझ्या पत्रावरून दिसतंय की त्यांच्यावरच तू परत घाट उतरतोयस. ते आजच काढ. मिस्त्रीला म्हणावं हातोडी मारू नको, घासू नको, पेट्रोलनं धुऊ नको. काढले तसे स्वच्छ पिशवीत घाल आणि पिशवीवर तारीख, गाडीचा नंबर, कोणत्या चाकाचे ते लिही. काढताना मोबाइलवर चित्रण कर, त्यात केए-२२ ची पाटी दिसू दे. मोडलेल्या शूपेक्षा हे न मोडलेले दोन शू तुझ्या जास्त कामाचे आहेत. मोडलेल्याकडे बघून ‘जास्त तापला, ओव्हरलोड होता’ असं कुणीही म्हणेल. न मोडलेला शू प्रयोगशाळेला जे असेल ते सांगतो.

आता तू पाठवलेल्या फोटोंबद्दल. मी ते मोठे करून दोन-तीनदा पाहिले. भाकरी फुगली की पापुद्रा कसा अख्खा सुटतो, तसं ते लायनर शूवरून अख्खं सुटलंय. झिजलेलं नाही, तुकडेही झालेले नाहीत. आणि त्याच्या खाली पत्र्यावर गंज आहे. नवा शू म्हणून विकलेल्या मालात, गोंदाच्या खाली, बावीस दिवसांत गंज येणार कुठून? एका कडेला तर आधीच्या गोंदाचा पिवळट डाग दिसतोय. माझा अंदाज असा की भंगारातला जुना शू खरवडला, त्याच्यावर नवं लायनर चिकटवलं, काळा रंग फासला आणि नव्या बॉक्समध्ये घातला. हा अंदाजच. शिक्कामोर्तब प्रयोगशाळा करेल, मी नाही. बॉक्सचा फोटो मात्र अंदाजाला जागा ठेवत नाही. आवेष्टित मालाचे २०११ चे नियम सांगतात की पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर पाहिजे. तुझ्या बॉक्सवर फोन नंबर आहे, पण मोजून बघ, नऊच आकडे आहेत.

दुकानदार नवा सेट फुकट द्यायला निघालाय, त्याचा मोह सोड. साडेसातशेच्या बदल्यात तो तुझा सगळा पुरावा मागतोय. मी हे एकदा पाहिलंय. निपाणीकडची एक बाई माझ्याकडे आली होती, स्कूटरचं नवं टाकलेलं पुढचं रिम तडकलं म्हणून. दुकानदारानं ‘कंपनीला पाठवून बघतो’ म्हणून रिम घेतलं, पोच दिली नाही. आम्ही नोटीस पाठवली तर उत्तर आलं, असा कोणताही भाग आमच्याकडे आलेलाच नाही. नंतर आमच्या हातात राहिला एक फोटो, तोही हललेला.

आता कायद्याचं. एक गोष्ट आधी नीट समजून घे, कारण इथंच लोक गोंधळतात. बाजारात तीन जातीचा माल असतो. गाडीच्या कंपनीच्या बॉक्समधला. दुसऱ्या कारखान्यानं स्वतःच्या नावानं बनवून विकलेला. आणि दुसऱ्याचं नाव लावून विकलेला. मधला माल बेकायदा नाही, वाईटही नसतो. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छ्यात गाड्यांचे भाग बनवणारे कारखाने आहेत, त्यांचा माल मोठ्या कंपन्या घेतात. स्वस्त म्हणजे डुप्लिकेट असं नव्हे, आणि महाग म्हणजे अस्सल असंही नव्हे. कायदा पकडतो तो खोट्या नावाला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बनावट मालाची व्याख्या एका ओळीची आहे: खरा असल्याचा खोटा दावा केलेला माल. ‘ओरिजिनलच हाय’ हे त्या दुकानदाराचं वाक्य म्हणून मोलाचं. त्यानं ‘ही फर्स्ट कॉपी आहे, तुझ्या जबाबदारीवर घे’ असं म्हटलं असतं आणि तू घेतलं असतंस, तर बनावट मालाचं कलम लावताना आपल्याला घाम फुटला असता. (तेव्हाही सदोष मालाची तक्रार करता आली असती, पण ‘माहीत असून घेतलंस ना’ हा प्रश्न तुझ्या मानेवर बसला असता.) तो हे वाक्य फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कुठं बोललाय का ते बघ. नसेल तर आता साधा मेसेज टाक: ‘तुम्ही ओरिजिनल म्हणून दिलेला सेट सुटला आहे, हा माल तुम्ही कुठून घेतला?’ भांडू नकोस, शिव्या देऊ नकोस. त्याचं उत्तर काहीही आलं तरी आपल्याला उपयोगी.

त्याच कायद्याचं कलम ९१ बनावट माल बनवणाऱ्याला, साठवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला शिक्षा सांगतं, आणि शिक्षा इजेच्या पायरीनं चढते. साधी दुखापत झाली तर एक वर्षापर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. गंभीर दुखापत झाली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, आणि तेव्हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होतो. मृत्यू झाला तर किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत, आणि दंड दहा लाखांपेक्षा कमी नाही. आता तू म्हणशील मनगट मोडणं म्हणजे काय गंभीर? कायद्याच्या भाषेत हाड मोडणं ही गंभीर दुखापतच. पूर्वी भारतीय दंड संहितेत तसं होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही तसंच आहे. म्हणजे मेव्हण्याचा एक्स-रे हा नुसता दवाखान्याचा कागद नाही, तुझी तक्रार त्याच्यामुळं एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाते. एक्स-रेची फिल्म, केसपेपर, बिलं, सगळं मूळ स्वरूपात ठेव. दवाखान्यात ‘पडून लागलं’ असं सांगितलं असेल तर मात्र अडचण आहे, ते मला आधी कळव.

मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. केंद्र सरकारनं गाडीच्या सुरक्षेसाठी अत्यावश्यक म्हणून अधिसूचित केलेला भाग मानकात बसत नसताना विकला, विकायला ठेवला किंवा विकू दिला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा प्रत्येक भागामागे एक लाख दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक भागामागे, हे लक्षात घे. दुकानात असे वीस बॉक्स असतील तर हिशेब तूच कर. तुझा शू त्या यादीच्या चौकटीत बसवायचं काम आरटीओचं. तू त्यांच्याकडे लेखी अर्ज टाकून पोच घे, पण तुझी भरपाई या कलमावर अवलंबून ठेवू नकोस. दंड सरकारजमा होतो, तुझ्या खिशात येत नाही.

बॉक्सवर ज्या कंपनीचं नाव आहे तिलाही कळव. बॉक्सवरच्या नंबरवर नको, तो खोटाच आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पत्ता घे. बॉक्सवरचा क्यूआर कोड स्कॅन करून खात्री झाली असंही समजू नकोस, खोटा कोड छापणं बॉक्स छापण्यापेक्षा अवघड नाही. कंपनीनं लिहून दिलं की हा बॉक्स आमचा नाही, तर तुझी निम्मी लढाई झाली. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ प्रमाणे खोटं चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. अशा प्रकरणात कंपन्या पोलिसांना घेऊन धाड घालायलाही येतात. पण धाड पडली म्हणून तुझ्या मेव्हण्याच्या प्लास्टरचे पैसे कुणी देत नाही. ती कंपनीची लढाई, आपली वेगळी. आणि समजा कंपनी म्हणाली, बॉक्स आमचाच आहे? मग माल बनावट नाही, सदोष आहे, आणि तक्रारीत पहिलं नाव बनवणाऱ्याचं येतं. म्हणून तक्रार टाकायच्या आधी हे उत्तर मागव. पंधरा-वीस दिवस वाट बघ, त्यापेक्षा जास्त नाही.

आता तुझ्या घरच्यांचा प्रश्न: तीन राज्यं, दाद कुठं? पूर्वी हा प्रश्न रास्त होता. १९८६ च्या ग्राहक कायद्यात समोरचा जिथं राहतो, धंदा करतो किंवा जिथं व्यवहार घडला तिथं जावं लागायचं, आणि आपल्या सीमाभागात त्यामुळं कित्येकांनी हात टेकले. नव्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटासाठी काम करतो तिथंच तक्रार चालते, कलम ३४. म्हणजे दुकानदार सीमेपलीकडचा असला तरी तुझी तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. त्याला नोटीस तिकडं जाईल, यायचं त्याला आहे. मालाची किंमत पाच लाखांच्या आत असली की तक्रारीला फी नाही. वकील लावायची सक्तीही नाही. ऑनलाइन तक्रार करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते, गोव्याची फेरी बुडणार नाही. अर्ज कानडीत किंवा इंग्रजीत लिहिलेला सोयीचा. तुझं कानडी माझ्यापेक्षा बरं असेल, माझं तीस वर्षं कोर्टात घासूनही बेळगावच्या मराठी शहापुरातच अडकलंय. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायला हरकत नाही, तिथं मराठीत बोलता येतं. पण ती समजुतीनं मिटवून बघते, निकाल देत नाही.

मुदत दोन वर्षांची आहे. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात त्याहून जास्त धर, उगाच कशाला आशा लावू.

‘तुमचा टेम्पो धंद्याचा, तुम्ही ग्राहकच नाही’ हे दुकानदाराच्या वकिलाचं पहिलं वाक्य असेल, लिहून ठेव. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला लागतो. पाच टेम्पो आणि पाच ड्रायव्हर असते तर वेगळं. तुझा एकच आहे आणि तूच चालवतोस. हे पहिल्याच परिच्छेदात लिही. गाडीचं फिटनेस त्या दिवशी चालू होतं ना? नसेल तर तेही मला आधी कळव, समोरच्याकडून कळण्याआधी.

दुसरं वाक्य असेल ‘मी वरून आणलं, मला काय माहीत?’ यालाच सगळे दुकानदार टेकून बसतात. कायदा ते चालू देत नाही. कलम ८६ म्हणतं, बनवणारा कोण हे कळत नसेल, किंवा कळूनही त्याला नोटीस पोचवता येत नसेल, तर विकणाराच जबाबदार. म्हणजे त्याला दोनच वाटा उरतात, वरच्याचं नाव सांगायचं किंवा स्वतः भरायचं. या कलमापुढं दुकानदारांची स्मरणशक्ती एकदम सुधारते, असा माझा अनुभव. म्हणून तक्रारीत पहिली मागणी पैशाची करू नकोस, मालाच्या खरेदी-बिलाची कर.

बिलाबद्दल तुला ऐकवायचं राहिलंय. सुट्या भागांवर आता १८ टक्के जीएसटी आहे, साडेसातशेवर तो एकशे पस्तीस रुपये होतो. तेवढ्यासाठी तू हातातला सगळ्यात भारी कागद सोडलास. बिल न देणं ही दुकानदाराची अनुचित व्यापारी प्रथा आहे, कायद्यात तसं स्पष्ट आहे, पण ‘बिल नको’ला मान तू हलवलीस. हे आयोगापुढं लपवू नकोस. खरं सांग: त्यानं असं सुचवलं, मी चुकलो. मान्य केलेल्या चुकीवर उलटतपासणी फार वेळ चालत नाही. पैसे फोनवरून टाकलेस हे तुझं नशीब. त्या व्यवहाराचा तपशील बँकेच्या उताऱ्यावर काढून घे, शिक्का मारून. फोन बदलू नकोस, चॅट पुसू नकोस, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवू नकोस. पुढच्या वेळेला बिल घेताना जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायची सवय लाव, आपल्या राज्याचे २९, महाराष्ट्राचे २७. बेळगावच्या दुकानाच्या बिलावर दुसरंच काही असलं तर तिथंच विचार.

बिल का लागतं याचं दुसरं, जास्त भीतीदायक कारण आहे. त्या दिवशी गटाराच्या जागी समोरून मोटारसायकल असती तर? दावा तुझ्यावर आला असता. ‘ब्रेक फेल झाला’ एवढ्यानं मालक सुटत नाही. गाडीची वाजवी काळजी घेतली होती आणि तरीही दोष कळण्यासारखा नव्हता, हे मालकालाच दाखवावं लागतं. तेव्हा तू काय दाखवणार होतास, नऊ आकड्यांचा फोन नंबर?

मिस्त्रीचं काय? तुझ्या पत्रात त्याच्यावरचा राग ओळीओळीतून दिसतो. लायनर शूपासून सुटणं आणि शू ड्रममध्ये चुकीचा बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन नीट बसली नाही, स्प्रिंग निसटली, ॲडजस्टर चुकला, हे मिस्त्रीचं. गोंद सुटला, हे बनवणाऱ्याचं. फोटोत पिन आणि स्प्रिंग जागेवर दिसतात. तरीही त्याला तक्रारीत पक्षकार कर, नाहीतर दुकानदार सगळं खापर गैरहजर माणसावर फोडेल. पण मिस्त्रीला आधी घरी जाऊन सांग, की भाऊ, तुझ्यावर राग म्हणून नाही, तुझं म्हणणं रेकॉर्डवर यावं म्हणून. तो उद्या तुझा साक्षीदार आहे. ड्रम पहिल्यांदा उघडला तो त्यानं, गंज पहिल्यांदा पाहिला तो त्यानं. एक विचारायचं मात्र विसरू नकोस, त्यानं ब्रेक ऑईल कुठलं ओतलं? डबा असेल तर तोही जप. डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑईल कोरडं, म्हणजे पाणी न ओढलेलं, असताना २३० अंशांच्या खाली उकळायला नको. पाणी ओढलेलं किंवा भेसळीचं ऑईल घाटात लवकर उकळतं, वाफ होते आणि पेडल असंच खाली जातं. दुकानदाराचा वकील हे काढणारच, आपण आधी तपासलेलं बरं.

तपासणी आयोगामार्फत होते. माल सदोष आहे की नाही हे नुसतं बघून कळत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो, तिचा अहवाल साधारण ४५ दिवसांत यायचा असतो. खर्च आधी तुला भरावा लागेल. मोटार वाहन नियमांखाली मान्यता असलेल्या दोन संस्था तर पुण्यातच आहेत, एआरएआय आणि सीआयआरटी. अर्जात त्यांची नावं सुचव. स्वतः कुरिअर करून तिकडं शू पाठवू नकोस, मधल्या प्रवासाचा हिशेब कोण देणार?

पोलिसांचंही सांगते. अपघात गोव्याच्या हद्दीत झाला आणि तू तिथं काहीच नोंदवलं नाहीस, हे मला आवडलेलं नाही. पण दरवाजा बंद झालेला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, ती शून्य क्रमांकानं नोंदवून पुढं पाठवायची असते. खानापूर ठाण्यात जा, मेव्हण्यालाही ने, कारण दुखापत त्याची. ‘हे गोव्याचं आहे, तिकडं जा’ असं म्हणाले तर वाद घालू नकोस, लेखी अर्ज दे आणि स्पीड पोस्टानं एसपींना प्रत पाठव.

आणि वडिलांची ओळख. हा भाग मला सगळ्यात अवघड वाटला, म्हणून शेवटाकडं ठेवला. सीमेच्या अलीकडं-पलीकडं आपली नाती आहेत, सोयरीक आहे, उधारी आहे. दुकानदार उद्या लग्नात शेजारी जेवायला बसेल. तो कदाचित लबाड नसेलही, त्यालाही वरच्यानं फसवलं असेल. म्हणून आधी वडिलांना घेऊन एकदा त्याच्याकडे जा. शू नेऊ नकोस, फोटो ने. तीन गोष्टी माग: दवाखान्याचा आणि गाडीचा खर्च, खरेदीचं बिल आणि त्या लॉटचे उरलेले बॉक्स रॅकवरून खाली. तिसरी मागणी त्यानं हसण्यावारी नेली तर तुला उत्तर मिळालं. तो पैसे द्यायला तयार झाला तर घे, कायद्यातही समझोत्याला जागा आहे, पण ‘मालात दोष नव्हता’ अशा कागदावर सही करू नकोस. त्या रॅकवरून उद्या आणखी कुणी सेट नेईल आणि तोही घाटच उतरेल. वडिलांना माझं नाव सांग आणि हे वाक्य वाचून दाखव.

हेल्मेटचं थोडक्यात. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय बनवता, आणता किंवा विकता येत नाही, मानक आयएस ४१५१. रस्त्याकडेच्या हेल्मेटवर चिन्ह असतंच, स्टिकर काय, कुणीही छापतं. चिन्हाजवळ सीएम/एल आणि पुढं परवान्याचा आकडा असतो. आयएसआय चिन्ह देणारी सरकारी संस्था म्हणजे बीआयएस, मोबाइलवर तिचं बीआयएस केअर ॲप घेऊन तो आकडा टाक. कंपनीचं नाव, पत्ता आणि वस्तू हेल्मेटच आहे का, तिन्ही जुळले तर घे. आकडाच नसेल तर अडीचशे खिशात ठेव.

शू, बॉक्स, बँकेचा उतारा आणि एक्स-रे घेऊन एखाद्या सोमवारी दुपारी तीननंतर ये. बसनं ये. आणि मेव्हण्याचं प्लास्टर निघायच्या आत हाताचे फोटो काढून ठेव, त्या दिवशीचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून, तारीख दिसेल असे.